मत्सराला कारण पुरवणाऱ्यांस: गुन्हेकथा मालिकांच्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांवरील गुन्हेकथा मालिकांचे निर्माते, पटकथालेखक आणि वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी एका वाहिनीने गेल्या पावसाळ्यानंतर एका गुन्हेकथा मालिकेत तासाभराचा एक भाग दाखवला. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात तलाठी असलेल्या विवाहितेचा नवऱ्याने मत्सरापोटी केलेला खून हा त्याचा विषय होता आणि सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी होती. ज्या घटनेवर तो आधारला होता, तिच्यात मारली गेलेली स्त्री माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी होती. तिचे नाव, गावाचे नाव, मालिकेचे किंवा वाहिनीचे नाव यांतले काहीही मी या पत्रात लिहीत नाही. तो भाग अजून इंटरनेटवर आहे आणि माझ्या पत्रामुळे त्याला आणखी प्रेक्षक मिळावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही. शिवाय मला जे म्हणायचे आहे ते या एका भागापुरते नाही. अशा मालिका लिहिणाऱ्या आणि दाखवणाऱ्या सर्वांनाच ते लागू आहे.

मी जिल्हा व सत्र न्यायालयात लघुलेखिका होते, आता निवृत्त आहे. खुनाच्या खटल्यांतल्या साक्षी उतरवून घेणे आणि न्यायाधीशांनी सांगितलेले निकाल टंकलिखित करणे हे माझे नोकरीभराचे काम होते, त्यामुळे रक्त, शवविच्छेदनाचा अहवाल किंवा घटनास्थळाचा पंचनामा यांच्या उल्लेखाने मी बिचकत नाही. गुन्हेकथा मालिका आमच्याही घरी सगळ्यांनी एकत्र बसून पाहिलेल्या आहेत. फोनवरून बँकेच्या नावाने होणारी फसवणूक कशी चालते, हे माझ्या शेजारणींना पोलिसांच्या फलकांपेक्षा आपल्या मालिकांनी अधिक चांगले समजावले, हेही मी मान्य करते. या मालिका बंद करा असे मी म्हणत नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगते. या पत्रात मी भाचीच्या नवऱ्याला ‘आरोपी’ म्हणणार आहे, कारण खटला सत्र न्यायालयात प्रलंबित आहे आणि निकालाआधी दुसरा शब्द वापरायचा नाही ही न्यायालयातली सवय स्वतःच्या घरातल्या माणसाच्या बाबतीतही मला मोडता येत नाही. आपल्या भागाने ती मोडली आणि आरोपीला खुनी ठरवतानाच त्याची कैफियतही त्याच्या वतीने मांडून टाकली.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार याच कैफियतीविषयी आहे. आपल्या भागात एक तिसरा माणूस आहे. तो कृषी खात्यात आहे, त्याच्याकडे जीप आहे, आणि पाऊस पडत असताना नायिका त्याच्याबरोबर शेताच्या बांधावर हसत उभी असते. दूरवर, झाडाआड, नवरा ते पाहत असतो. त्या वर्षी आमच्या भागात अतिवृष्टी झाली होती, आणि पिकांच्या नुकसानीचे पंचनामे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी संयुक्तपणे करायचे असतात, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. माझी भाची तिच्या सजेतल्या गावांत चिखल तुडवत फिरत होती ती या शासकीय आदेशामुळे. आपल्या पटकथेने त्या तिघांतला ग्रामसेवक तेवढा काढून टाकला, कारण तिघे जण वहीपेन घेऊन बांधावर उभे असले तर प्रेमप्रसंग रंगत नाही. कोतवालालाही वगळले. उलट तिला काचेच्या दारांची वातानुकूलित केबिन मात्र दिली. तलाठ्याला एवढे कार्यालय मिळते हे पाहून तहसिलातले लोक हसले असते, प्रसंग निराळा असता तर.

मत्सर आहे म्हणजे मत्सर वाटावा असे काहीतरी घडलेले असणारच, हे आपल्या लेखकांनी गृहीत धरले आणि खऱ्या घटनेत ते सापडले नाही म्हणून रचून घातले. बातमी छापून आली तेव्हा ‘चारित्र्याच्या संशयावरून’ या ठरीव शब्दांत आली होती. ते वाचून आम्हाला त्रास झाला, पण तो निदान संशयच होता. आपल्या भागाने त्या संशयाला दृश्य पुरावा मिळवून दिला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात खुनाच्या हेतूंचे तक्ते असतात. त्यांत प्रेमप्रकरण आणि अवैध संबंध असे रकाने आहेत, पण नवऱ्याच्या निराधार संशयासाठी वेगळा रकाना मला त्यांत सापडला नाही. सरकारी तक्त्याला ठरलेल्या रकान्यांची अडचण असू शकते. लेखकाला ती का असावी?

खरा मत्सर कसा असतो हे आम्ही घरच्यांनी जवळून पाहिले आहे. खुनाच्या दिवसाविषयी मी इथे एक अक्षरही लिहिणार नाही, ते न्यायालयात मांडले जाईल. त्याआधीच्या संसाराविषयी मात्र लिहिते, कारण त्यातले बहुतेक तिने स्वतः पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीत नमूद केले होते. तिच्या स्कूटीच्या मीटरवरचा आकडा रोज सकाळी आणि संध्याकाळी टिपून ठेवला जात असे, आणि ठरल्यापेक्षा किलोमीटर जास्त भरले तर त्याचा हिशेब तिला द्यावा लागे. तिच्या पगाराचे एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये कधी नसे. तहसील कार्यालयात बैठक आहे असे तिने सांगितले, तर खरोखरच बैठक आहे का हे विचारणारा फोन अव्वल कारकुनाला जात असे. तिने खात्याची परीक्षा पास केली तेव्हा घरी पेढे वाटले गेले नाहीत, बढती मिळाल्यावर मंडळात एकटीने कसे फिरणार यावर रात्रभर वाद झाला. या सगळ्यात दुसरा पुरुष कुठेही नव्हता. तिचे स्वतःचे काम, स्वतःची गाडी आणि गावात तिला मिळणारा मान, एवढेच होते, आणि मत्सराला तेवढे पुरले.

तिची ती तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली गेली आणि नेहमीप्रमाणे समज देऊन प्रकरण मिटवले गेले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ सालचा आहे. त्यात आर्थिक आणि मानसिक छळाचाही हिंसाचारात समावेश आहे आणि अशा स्त्रीने कोणाकडे जायचे, तर संरक्षण अधिकाऱ्याकडे, याची तरतूद आहे. तालुक्यातल्या किती बायकांना हे माहीत असते? आपल्या भागात एखादी मैत्रीण तिला ‘अगं, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज कर’ असे एका वाक्यात म्हणाली असती, तरी घराघरांत ते ऐकले गेले असते. तासाभरात त्या वाक्याला जागा मिळाली नाही, पावसातल्या गाण्याला मिळाली.

दुसरी तक्रार कायद्याच्या अंगाने आहे आणि मला ती पहिलीइतकीच गंभीर वाटते. आपल्या भागात नवरा आदल्या रात्री रडतो, लग्नातले फोटो पाहतो, तिला एक शेवटची संधी देतो, ती काहीतरी उर्मट बोलते, आणि त्या क्षणी त्याच्या हाताला स्वयंपाकघरातली सुरी लागते. खुनाच्या व्याख्येला गंभीर आणि अचानक चिथावणीचा अपवाद आहे. तो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे. तो लागू झाला तर खून हा खून राहत नाही, सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा बरीच खाली येऊ शकते. अशा खटल्यांत कृत्य अचानक घडले की ठरवून केले, हाच प्रश्न अनेकदा सर्वाधिक वादाचा असतो आणि त्यावर दोन्ही बाजूंचे वकील दिवसचे दिवस युक्तिवाद करतात. आमच्या खटल्यात त्या प्रश्नाचे उत्तर काय येईल हे न्यायालय ठरवील. आपण ते आधीच ठरवून, पार्श्वसंगीतासह दाखवून टाकलेत.

मुंबईला हे नवे नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे अधिकारी कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला त्याच्या घरात गोळ्या घातल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी आणि शहरानेही त्यांना जवळजवळ डोक्यावर घेतले आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या निकालातला चिथावणीचा भाग प्रत्येक पटकथालेखकाने एकदा वाचावा असा आहे. पत्नीने कबुली दिल्यानंतर नानावटींनी पत्नीला आणि मुलांना चित्रपटगृहापाशी सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर आणि काडतुसे घेतली, आधी त्या माणसाच्या कार्यालयात आणि मग घरी गेले. दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाल्यापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंत सुमारे तीन तास गेले, आणि भानावर यायला तेवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. तिथे तर कबुली खरी होती, प्रियकरही खरा होता. तरीही मधल्या तीन तासांना न्यायालयाने महत्त्व दिले. आपल्या मालिकांत हे मधले तास नेहमी कापले जातात, कारण दुकानात जाऊन भाव विचारणारा, वेळ ठरवणारा, मुलांना आजीकडे पाठवणारा माणूस प्रेक्षकाला प्रेमभंगाने वेडा झालेला वाटत नाही.

तिसरी तक्रार साक्षीदारांविषयी. ज्या कृषी सहायकावर आपण ते पात्र बेतले, तो संसारी माणूस आहे आणि खटल्यातला साक्षीदारही. त्याला अजून साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहायचे आहे. भाग दाखवला गेल्यावर त्याच्या बायकोला पाणवठ्यापासून बचतगटाच्या बैठकीपर्यंत काय काय ऐकावे लागले, हे मी लिहीत नाही. साक्षीदार फितूर होतात ते नेहमी पैशाने किंवा धमकीने होत नाहीत, लाजेनेही होतात. आपल्या घराची आणखी शोभा नको म्हणून ‘मला काही आठवत नाही’ असे सांगून मोकळे झालेले साक्षीदार मी न्यायालयात पुष्कळ पाहिले आहेत. विधी आयोगाने २००६ साली आपल्या दोनशेव्या अहवालात माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांचाच विचार केला होता. अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूच्या वार्तांकनासंबंधी १८ जानेवारी २०२१ रोजी दिलेल्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने तपास चालू असताना घटनास्थळ पुन्हा उभे करून आरोपीने गुन्हा कसा केला हे दाखवू नये, असे माध्यमांना बजावले. तो निकाल वृत्तवाहिन्यांच्या संदर्भातला होता, असे आपले वकील सांगतील आणि ते खरेही आहे. पण बातमीदाराने जे करू नये असे न्यायालय म्हणते, ते अभिनेत्यांकडून करवून घेतले की निर्दोष कसे होते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

याच ओघात एक प्रश्न विचारते. भागात घरातल्या वस्तूंची मांडणी, तिच्या गाडीचा रंग, एका शेजारणीच्या जबाबातले शब्द हे तपशील जसेच्या तसे आहेत. दोषारोपपत्र हा कोणालाही मिळणारा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केले आहे. मग हे तपशील आपल्या लेखकांना कोणी दिले? आम्हाला तर कोणी विचारले नाही. माझ्या बहिणीला आपल्या मुलीचा खून दूरदर्शन संचावर दाखवला जाणार आहे हे जाहिरात पाहिलेल्या विहिणीकडून कळले.

नावे बदलली होती, असे उत्तर मला मिळाले आहे. मुंबईत नाव बदलले की माणूस लपतो. तालुक्याच्या गावात तलाठीण एक, तिची गाडी एक, तिचा खून एक. तिची मुलगी शाळेत जाते. वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर तिला तो भाग दाखवला आणि त्यातली आई खरी का, असे विचारले. या मुलीला तिची आई कशी होती हे सांगणारी माणसे घरात आहेत, पण चित्र दाखवणारी वाहिनी एकच आहे, आणि ते चित्र हवे तेव्हा, हव्या त्या मोबाइलवर पुन्हा लागते. मृत व्यक्तीवर केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, जर ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा तो हेतू असेल तर, असे कायदा सांगतो. आपला हेतू तसा नव्हता हे मी धरून चालते. म्हणूनच मी अजून हे पत्र लिहिते आहे.

तक्रारीची रीतसर वाटही आम्ही चोखाळली. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच वाहिनीने २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. त्याने समाधान झाले नाही तर स्वनियमन संस्थेकडे अपील करता येते. पोच वेळेत आली, यंत्राने पाठवतात तशी. निर्णय मुदत उलटून गेल्यावर आला आणि त्यात दोनच वाक्ये होती: नाट्यमयतेसाठी स्वातंत्र्य घेतले आहे, आणि सुरुवातीला तशी सूचना दाखवली आहे. ती सूचना मी थांबवून वाचली. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी मोठ्या अक्षरांत, आवाजासह, आणि प्रसंग काल्पनिक असल्याची सूचना बारीक अक्षरांत, वाचून होण्याआधी नाहीशी होणारी. त्याच नियमांतल्या कार्यक्रम संहितेत अर्धसत्ये आणि सूचक आरोप असलेले कार्यक्रम दाखवू नयेत असे म्हटले आहे. आमच्या तक्रारीत त्या कलमाचा उल्लेख होता, उत्तरात नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये एका हिंदी वाहिनीने अशाच एका गुन्हेकथेचा भाग समाजमाध्यमांवर गदारोळ झाल्याबरोबर मागे घेतला होता, म्हणजे भाग मागे घेता येतो, त्यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही.

माझ्या बाजूच्या मर्यादाही मला माहीत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात म्हटले आहे की न्यायालयाच्या अभिलेखासह जे सार्वजनिक अभिलेखावर आले, त्यावर संबंधितांच्या परवानगीवाचून लिहिता येते. ते योग्यच आहे. उद्या निकाल लागला आणि आपण तो वाचून भाग केलात, तर आम्हाला आवडो न आवडो, तो आपला अधिकार राहील. कुटुंबाची परवानगी घ्या अशी मागणी म्हणूनच मी करत नाही. तशी अट घातली तर आरोपीच्या कुटुंबालाही नकाराधिकार मिळेल आणि अनेक बायकांच्या कहाण्या कधीच सांगितल्या जाणार नाहीत.

माझ्या मागण्या साध्या आहेत. आमच्याविषयीचा तो भाग आणि त्याचे तुकडे इंटरनेटवरून काढावेत आणि निकाल लागेपर्यंत त्याचे पुनःप्रसारण करू नये. ज्या खुनाचा खटला प्रलंबित आहे, त्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावून भाग करू नये. विषय हवाच असेल तर संपूर्ण काल्पनिक कथा लिहावी, आणि मग नावाबरोबर हुद्दा, तालुका, गाडी आणि घरही बदलावे. निकालानंतर भाग केला, तर मृत स्त्रीच्या वर्तनाविषयी न्यायालयाच्या अभिलेखावर जे नाही ते तिच्या माथी मारू नये, आणि प्रसारणाच्या आधी तिच्या आईवडिलांना किंवा मुलांच्या पालकांना लेखी कळवावे, परवानगीसाठी नव्हे, त्या रात्री संच बंद ठेवता यावा एवढ्यासाठी. काय काल्पनिक आहे याची सूचना ‘सत्य घटना’ या शब्दांइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि तितकाच वेळ असावी. आणि मत्सरातून होणाऱ्या हिंसेवर भाग करणार असाल, तर पाळत, पगारावरचा ताबा आणि धमक्या यांनी भरलेला आधीचा काळ दाखवावा, आणि त्या काळात बाईला कुठे जाता येते तेही सांगावे.

लेखकांना स्वतंत्रपणे एक विनंती. आरोपीला स्मृतिदृश्ये द्यायची असतील तर द्या, पण तिलाही द्या. आपल्या तासाभराच्या भागात ती एकदाही एकटी दिसत नाही. नेहमी कोणीतरी तिच्याकडे पाहत असतो आणि आपला कॅमेरा त्याच्या जागी उभा असतो. तिने नियुक्तीच्या पहिल्या वर्षी सजेतले अनेक वर्षांचे अडकलेले वारसांचे फेरफार मार्गी लावले होते, आणि काही म्हाताऱ्या विधवांची नावे त्यामुळे सातबाऱ्यावर लागली. त्यातल्या दोघी मयतीच्या दिवशी पायी चालत आल्या होत्या. हे कोणीही विचारले असते तर आम्ही सांगितले असते.

वाहिनीच्या उत्तराविरुद्ध आम्ही स्वनियमन संस्थेकडे अपील दाखल केले आहे आणि त्याचा निर्णय होईल तो आम्हाला मान्य असेल. या पत्राचे उत्तर देण्यास आपण बांधील नाही. तरीही आपल्यापैकी ज्या निर्मात्यांना वरील मागण्यांतली एखादी मान्य असेल, त्यांनी ती आपल्या मालिकेसाठी जाहीरपणे स्वीकारावी, आणि ज्यांना मान्य नसेल त्यांनी कोणती व का, हे तितक्याच जाहीरपणे लिहावे. नियम तक्रारीसाठी १५ दिवस देतो, तेवढे मीही थांबेन.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका